फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळू नका

‘कॅफेतलं जुनं फ्रेंच फ्लिपर घरीच दुरुस्त करा, पाच सोपे उपाय’ हा मेसेज आमच्या इथल्या मराठी ग्रुपांवर दोन आठवडे फिरतोय. फ्रान्समध्ये फ्लिपर म्हणजे पिनबॉलचं मशीन, काचेखालच्या उतारावर गोळी खेळवायचं. मी लक्ष दिलं नव्हतं. पण फ्रान्समध्ये लिऑनला राहणाऱ्या माझ्या भाच्याने सत्तरच्या दशकातल्या आपल्या पिनबॉलवर ते उपाय करून पाहिले आणि शनिवारी रात्री फोन केला, “मामा, मशीनमधून धूर येतोय.”

सगळ्यात घातक उपाय आधी घेतो. मेसेज म्हणतो, फ्यूज सारखा उडत असेल तर त्याला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळा. अरे, फ्यूज उडतो म्हणजे पुढे कुठेतरी जास्त करंट ओढला जातोय! भाच्याच्या मशीनच्या पेटीत सर्किटचा मूळ नकाशा घडी करून ठेवलेला होता. तो उघडला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. गोळी परत वर मारणाऱ्या छोट्या पात्यालाही फ्लिपरच म्हणतात. त्याच्या कॉइलमध्ये, म्हणजे वीज गेली की चुंबक बनणाऱ्या गुंडाळीत, दोन वाइंडिंग (तारेचे वेढे) असतात. जाड तारेचं वाइंडिंग फ्लिपरला जोडलेली लोखंडी दांडी जोरात ओढतं. फ्लिपर वर पोचला की टोकाचा पॉइंट (वीज जोडणारी-तोडणारी पत्ती) उघडतो, बारीक तारेचं वाइंडिंगही वाटेत येतं आणि करंट एकदम उतरतो. म्हणून बटण दाबून धरलं तरी कॉइल जळत नाही. भाच्याचा तो पॉइंट उघडतच नव्हता. फ्यूज नेमकं तेच सांगत होता आणि त्याचंच तोंड बंद केलं. कॉइलवरचा कागद काळा पडला होता, आतली प्लॅस्टिकची नळी वितळून दांडीला चिकटली होती. ट्रान्सफॉर्मर वाचला हे नशीब.

‘सगळीकडे तेलाचा स्प्रे मारा.’ अजिबात नको. पॉइंट उघडताना ठिणगी पडते आणि स्प्रे पेट घेऊ शकतो. कॉइलची दांडी कोरडीच चालायला हवी, तेलावर काजळी बसते.

‘बिघाड बहुतेक वेळा पॉइंटमध्येच असतो.’ हे खरं आहे, मान्य करावंच लागेल. पण त्यावर सांगितलेला सँडपेपर चूक. चांदीच्या पॉइंटला बारीक कानस हलक्या हाताने चालते. नंतरच्या काळात आलेल्या इलेक्ट्रॉनिक मशिनांतल्या पॉइंटवरच्या सोन्याच्या मुलाम्याला तीही नको, नुसता कोरा कागद मधून ओढा.

‘थेट प्लग लावा.’ आधी ट्रान्सफॉर्मरची जोडणी बघा. फ्रान्समध्ये पूर्वी बऱ्याच भागांत ११० किंवा १२७ व्होल्ट वीज होती. तेव्हाची जोडणी तशीच राहिली असेल तर आजच्या जास्त व्होल्टेजला मशीन जळेल.

‘फ्लिपर हा फ्रेंच शोध.’ पिनबॉल ज्यातून आला तो बागातेल, म्हणजे फळीवर खिळ्यांमधून गोळ्या ढकलायचा खेळ, फ्रान्सचा, एवढं खरं. साठच्या दशकात नीसची रॅली कंपनी मशिनंही बनवायची. पण गोळी मारणारे फ्लिपर आले ते १९४७ साली, शिकागोच्या गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ मशीनवर. ते तिथल्या डिझायनर हॅरी मॅब्जचं काम.

काल जळकी कॉइल बदलली, पत्ती किंचित वाकवून टोकाचा पॉइंट उघडता केला आणि होल्डरजवळ लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवला. डावा फ्लिपर चालतोय. उजवा रविवारी उघडणार आहे.