दूध बंद करणे

आज दुपारी माझ्याकडे पीएच.डी. करणारी मुलगी तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा घेऊन आली. चहा येईपर्यंत सहज चाळत होते, तर एका पानावर माझंच आडनाव. पुढे 2013. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचलं याचं अप्रूप आमच्या धंद्यात फार असतं. मग वाक्य वाचलं. बचत गटातून घेतलेलं कर्ज 60 टक्के महिलांनी दवाखान्यावर खर्च केलं.

पोटात गोळाच आला.

तो आकडा मी मोजलेलाच नाही. कधीच नाही.

झालं असं होतं. 2012 चा डिसेंबर. माझी स्थाननिश्चिती, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत जाणं, तोंडावर आलेली आणि त्यासाठीच्या गुणांच्या, एपीआयच्या, तक्त्यात एक पेपर कमी पडत होता. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2010 च्या नियमात रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या, जर्नलमधल्या एका लेखाला 15 गुण होते. आमच्याच स्टाफरूममधल्या एका सरांनी एका 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय' त्रैमासिकाचं माहितीपत्रक हातात ठेवलं. मराठी लेख चालेल, फॉन्ट कृतिदेव 055, साइझ 14, पंधराशे रुपये भरल्याची स्लिप स्कॅन करून जोडावी. शेवटची तारीख त्याच दिवशीची. तालुक्यातल्या गावांमधून फॉर्म भरून आणले होते, स्वतः फिरून, उन्हातान्हात. ते खरे होते. पण मोजून झाले नव्हते. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले, एका बाजूला गॅसवर दूध. त्या वाक्यापाशी आले तेव्हा अंदाजाने 60 टक्के असं लिहिलं आणि कंसात स्वतःसाठी टीप टाकली: मोजून टाकणे. तक्ता 3 लावणे. दूध बंद करणे.

तीनपैकी एकच काम झालं. दूध उतू गेलं नाही.

आठव्या दिवशी मेल. 'आपला लेख दोन तज्ज्ञ परीक्षकांनी तपासला असून तो कोणत्याही बदलाविना स्वीकारण्यात येत आहे.' मग कुरिअरने अंक आला. चकचकीत मुखपृष्ठ, आत सल्लागार मंडळाची दीड पान यादी, आणि माझ्या लेखात तो कंस जसाच्या तसा. तक्ता 3 नाही. दूध आहे. दोन तज्ज्ञ आणि एक मुख्य संपादक, तिघांपैकी एकालाही दूध दिसलं नाही!

तेव्हा मी हसले होते. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं, सगळे हसले. 15 गुण मिळाले, स्थाननिश्चिती झाली, पेढे वाटले. त्या हसण्याचीच आज लाज वाटतेय.

कारण मी त्या मुलीला विचारलं, अगं, कंसात काय लिहिलंय ते तरी वाचायचंस की! ती खाली बघत म्हणाली, "वाचलं, मॅडम. मला वाटलं, मुलाखत चालू असताना त्या बाई मध्येच तसं म्हणाल्या असतील. तुम्ही ते तसंच ठेवलंय, मला आवडलं होतं."

यावर काय बोलायचं? जर्नलवाल्यांनी वाचलं नाही, मी परत वाचलं नाही, आणि जिने मनापासून वाचलं तिने माझ्या निष्काळजीपणात अर्थ शोधला.

आता राग. सकाळीच विभागाच्या ग्रुपवर मेसेज पडलाय. पेपर पाठवा, 48 तासांत प्रकाशन, पिअर रिव्ह्यूड, इम्पॅक्ट फॅक्टर आठच्या वर, ई-सर्टिफिकेट मोफत, प्रत्येक सहलेखकाचे तीनशे वेगळे. खाली तिघांनी हात जोडलेत. 48 तासांत कोण तपासतं हो? आमच्याकडे परीक्षेचे पेपर तपासायलाही त्याहून जास्त दिवस लागतात, आणि तिथे नमुना उत्तरं समोर असतात. आणि तो आयएसएसएन नंबर मिरवतात! तो नियतकालिकाचा नुसता नोंदणीचा क्रमांक आहे. गाडीला नंबरप्लेट लागली म्हणजे चालवणाऱ्याला गाडी येते असं थोडंच आहे? पण आपल्याकडे निम्म्या लोकांना आयएसएसएन म्हणजे आयएसआय मार्क वाटतो.

हे काही गुपित नाही. 2018 मध्ये पुण्याच्या आपल्याच विद्यापीठातल्या मंडळींनी यूजीसीच्या मंजूर जर्नलांच्या यादीतली, विद्यापीठांनी शिफारस केलेली 1,009 जर्नल तपासली आणि त्यातली 88 टक्क्यांहून जास्त जर्नल निकषांत बसली नाहीत. शिफारस विद्यापीठांनी केलेली, बरं का. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून 4,305 नावं एका फटक्यात काढली. 2019 मध्ये तिच्या जागी यूजीसीची 'केअर' ही दर्जेदार जर्नलांची यादी आली, तिचंही काम पुण्यातूनच चालायचं. लगेच 'केअर लिस्टेड' असा शिक्का मारून यादीतल्या खऱ्या जर्नलांच्या नावाची नकली संकेतस्थळं निघाली. 2025 च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद. आता ज्याच्या त्याच्या कॉलेजने ठरवावं म्हणे. म्हणजे चाळण काढून घेतली आणि सांगितलं, खडे नजरेने वेचा. नजर असती तर यादी लागली असती का?

परदेशात सगळं सोवळ्यात आहे असंही नाही. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमधला तो 12 मुलांवरचा लेख 1998 चा, मागे घेतला 2010 मध्ये. तोवर किती आयांनी पोरांना लस दिली नसेल. आणि 2023 मध्ये 'हिंदावी' या प्रकाशन संस्थेने आठ हजारांहून जास्त लेख मागे घेतले, ती तर 'वायली'सारख्या बड्या प्रकाशन घराण्याची. पण मागे घेतले ना! मला तेवढंच म्हणायचंय. चूक झाली असं सांगायला तिथे एक दार आहे, कितीही उशिरा उघडणारं. माझ्या साठ टक्क्यांसाठी कुठलं दार आहे?

हो, मला माहितीय तुमच्यातले काही जण काय म्हणणार. ग्रामीण कॉलेज, आठवड्याला सोळा तास, त्यात कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायली, निवडणुकीची ड्यूटी, तासिका तत्त्वावर शिकवणारी पोरं तर पोट भरायच्या विवंचनेत, त्यांनी संशोधन कधी करायचं. मान्य. मराठीत लिहिणाऱ्याला नीट तपासून छापणारी ठिकाणं मुळात थोडी, हेही मान्य. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या 'अर्थसंवाद'सारखं एखादं, आणि तिथे थांबायची आपली तयारी नसते.

पण मला 2012 साली कुणी फसवलं नव्हतं. हे आज पहिल्यांदा लिहितेय. इतकी वर्षं मी तो किस्सा 'बघा कशी असतात ही जर्नल' म्हणून सांगत आले. मी फसलेली नव्हते, मी गिऱ्हाईक होते. पंधराशे रुपये देऊन मी काय घेतलं? न वाचण्याची हमी. एखाद्या खऱ्या संपादकाने एवढंच विचारलं असतं की बाई, तक्ता 3 कुठाय, तर माझं 2012 चं काम अडलं असतं, आणि मला ते नको होतं.

संपादकाचं काम तरी दुसरं काय असतं? वाचणं. आपल्याला कळत नसेल तर ज्याला कळतं त्याच्याकडे पाठवणं. त्याचं म्हणणं लेखकाला कळवणं, मग लेखक रुसला तरी चालेल. आणि चूक छापली गेली तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र. यातलं एकही काम न करता ज्यांनी 'मुख्य संपादक' अशी पाटी लावलीय त्यांचा मला संताप येतो, आणि त्यांच्या सल्लागार मंडळात न विचारता नाव घातलं तरी चार महिने गप्प बसणाऱ्या आपल्या थोर प्राध्यापकांचा जास्त. बायोडेटात एक ओळ वाढते ना.

लिहिता लिहिता आठवलं. निघताना ती म्हणाली, "मॅडम, माझा पण एक पेपर दिलाय मागच्या महिन्यात. तुमचं नाव पहिलं टाकलंय." तो कशावर आहे, हेही मला आजच कळलं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.साठी पेपर छापायची सक्ती उरलेली नाही, हे तिला सांगितलं. तर म्हणाली, मुलाखतीला विचारतात ना. आणि सगळे गाईडचं नाव टाकतात, नाही टाकलं तर वाईट वाटतं. कुणाला वाईट वाटतं, हे मी विचारलं नाही. माझं नाव काढून टाक, एवढंच म्हटलं. तिचा चेहरा असा पडला की जणू मी तिलाच नाकारलं. जरा जास्त तोडून बोलले. एरवी मी तिच्याशी असं बोलत नाही.

ती गेल्यावर त्या त्रैमासिकाचं संकेतस्थळ उघडलं. तिथे आता रमीची जाहिरात आहे. संपादकांच्या मेलवर चार ओळी पाठवल्या, मिनिटभरात परत आल्या. अंक कपाटात आहे, पण शुद्धिपत्र छापणारं कुणी उरलेलं नाही.

म्हणून इथे लिहितेय. बचत गटांवरच्या माझ्या 2013 च्या लेखातला 60 टक्के हा आकडा मोजलेला नाही. कुणी वापरला असेल तर कृपया काढा, विद्यार्थ्यांना दिला असेल तर त्यांना सांगा. शेअर केलीत तर बरं.

जेवणं झाल्यावर यांना स्टुलावर चढवून माळ्यावरची गोणी खाली काढली. वरच्या गठ्ठ्याचा कोपरा उंदराने खाल्लाय, बाकी फॉर्म शाबूत आहेत. मोजायला बसले. पंचवीसएक झाले असतील आणि अडकले. कर्जाचं कारण या रकान्यात एकीने लिहिलंय, 'मुलीचं बाळंतपण'. पुढच्या फॉर्मवर तेच. मग आणखी दोघी. हे दवाखान्यात धरायचं की घरखर्चात? बाळंतपण कुठे झालं, घरी की सरकारी की खासगी, हे विचारणारा प्रश्नच मी फॉर्ममध्ये ठेवला नव्हता. दोन-तीन गावांतल्या बायकांचे पत्ते अजून आहेत माझ्याकडे.

मुलीला मेसेज टाकलाय. उद्या रविवार आहे तरी ये, जेवायलाच ये. येताना पेन्सिली आण.