आरोग्ययंत्रणेच्या सुधारणेवर मत देताना घ्यावयाची काळजी

आपल्या सेवाभावी संस्थेला सार्वजनिक आरोग्ययंत्रणेच्या सुधारणेविषयी अभिप्राय मागितला गेला असेल, तर अभिनंदन. बैठक बहुधा वाशीतल्या एखाद्या वातानुकूलित सभागृहात असेल. तेथे जाताना शहापूर-मुरबाडच्या उपकेंद्रांतले अनुभव घरी ठेवून जावेत, कारण त्यांनी चर्चा उगाच तपशिलात शिरते.

सुधारणा सुचवायचीच, तर नावाची सुचवावी. भारतीय वैद्यक परिषद जाऊन २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, २०२३ मध्ये आरोग्यवर्धिनी केंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली. नवी पाटी लागली की काम झालेले दिसते आणि छायाचित्रही चांगले येते. पैशाचा विषय मात्र टाळावा. सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले आहे खरे. पण सरलेल्या मुदतीची आठवण यजमानांना चहाच्या वेळी करून देणे शिष्टाचाराला धरून नाही.

आशा सेविकांसाठी प्रशिक्षण सुचवावे. ती बाई खांद्यावरच्या पिशवीत चार नोंदवह्या घेऊन चाळीचे जिने चढते, त्याच नोंदी रात्री पुन्हा मोबाइलवर भरते आणि तरीही कागदोपत्री स्वयंसेविकाच राहते, म्हणजे तिला वेतन नव्हे, मोबदला मिळतो. तेव्हा तिच्यात काही कमी असेल, तर ते प्रशिक्षणच असणार.

लोकाधारित देखरेखीचा, म्हणजे आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवण्याचा, उल्लेख जपून करावा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हा प्रयोग महाराष्ट्रात सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला ठाणे जिल्हाही होता. जनसुनवाईत आदिवासी पाड्यावरची बाई माइक हातात घेऊन, औषध बाहेरून आणायची चिठ्ठी का दिली, असे विचारी आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्याला साऱ्यांदेखत उत्तर द्यावे लागे. आपल्या अहवालात याला ‘अभिनव उपक्रम’ म्हणावे, छायाचित्र जोडावे. तो पुन्हा पूर्ण ताकदीने चालवा, असे मात्र म्हणू नये.

धर्मादाय रुग्णालयांविषयी मौन सर्वांत श्रेयस्कर. महाराष्ट्रात त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. आपले एखादे विश्वस्त तशाच एखाद्या रुग्णालयाच्या मंडळावर असण्याची शक्यता पुष्कळ (ठाण्यात दानशूर मंडळी मोजकी आणि मंडळे बरीच). म्हणून पारदर्शकतेची मागणी फक्त सरकारी दवाखान्यांपुरती करावी. हातात पिवळे रेशनकार्ड घेऊन समाजसेवा अधिकाऱ्याच्या खिडकीशी उभ्या असलेल्या नातेवाइकाला ‘आज खाट शिल्लक नाही’ असे कोणी सांगितले, हा सुधारणेचा नव्हे, त्याच्या नशिबाचा प्रश्न मानावा.

मसुदा तयार झाला की, आपल्या संस्थेच्या पुढच्या वर्षाच्या अनुदानाची फाइल कोणाच्या टेबलावर आहे, याची चौकशी करावी आणि मगच अध्यक्षांची सही घ्यावी.