गाभण घोडीला जंताचं औषध: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा
निपाणी-चिकोडी भागातल्या घोडेवाल्यांच्या ग्रुपवर ‘जंताचं औषध दिलं की गाभण घोडी गाभडते’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. आयव्हरमेक्टिन, फेनबेंडाझोल योग्य मात्रेत गाभणपणातही चालतात. अल्बेंडाझोल मात्र सुरुवातीच्या महिन्यांत टाळतात. खरी धास्ती गोचिडांची घ्या. त्यांच्यामार्फत ‘थायलेरिया इक्वी’ हा परजीवी रक्तात शिरतो आणि वारेतून गर्भापर्यंत पोचतो. वरून धडधाकट दिसणारी घोडीसुद्धा मग गाभडू शकते. घोडेमाश्यांमुळे पसरणाऱ्या ‘सर्रा’ या रक्तातल्या परजीवीच्या रोगातही गर्भपात होतो. पापणी उलटून बघा: आतला भाग फिकट, पिवळसर दिसला किंवा लघवी लालसर झाली, तर लगेच रक्त तपासून घ्या. गाभडलेलं शिंगरू आणि वार फेकू नका, कृपा करून; हातमोजे घालून उचला आणि डॉक्टरांना दाखवा.