घरून काम, पण किती वाजेपर्यंत?

पुण्याला फोन लावला की वर्क फ्रॉम होमचा विषय हमखास दोन ठिकाणी येऊन अडतो. एक हिंजवडीचं ट्रॅफिक, दुसरा मॅनेजरचा संशय. माझी भावजय पिंपळे सौदागरला राहते आणि हिंजवडीच्या फेज ३ मध्ये नोकरी करते. नकाशावर अंतर काहीच नाही, पण पावसाळ्यात जाऊन-येऊन तीन तास धरावे लागतात. तिच्या कंपनीने आधी पूर्ण घरून काम दिलं, मग आठवड्यातून तीन दिवस या म्हणाले, आता चार. भाऊ दुसऱ्या बाजूचा. तो टीम लीड आहे, आणि नवी पोरं घरी बसून काही शिकत नाहीत हे त्याचं ठाम मत. दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. वाद रंगला की शेवटी माझ्याकडे वळून म्हणतात, “तुमच्याकडे बरं आहे बाई, युरोपात.”

मी अ‍ॅम्स्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅम्स्टेलवेनला राहते. घरून काम करणाऱ्यांचं प्रमाण युरोपात सर्वांत जास्त असलेल्या देशांत नेदरलँड्स येतो, हे खरं. पण इथेही घरून काम करण्याचा हक्क वगैरे काही नाही. तसा कायदा करायचा प्रयत्न झाला होता. 2022 च्या जुलैमध्ये कनिष्ठ सभागृहाने तो मंजूर केला आणि 2023 च्या सप्टेंबरमध्ये वरिष्ठ सभागृहाने फेटाळला. आज जो आहे तो 2016 चा कायदा, आणि त्यात फक्त मागण्याचा हक्क आहे. सहा महिने नोकरी झाली की कामाचे तास, वेळ किंवा जागा बदलून द्या असा लेखी अर्ज करता येतो. दहापेक्षा कमी माणसांच्या कंपन्यांना यातून सूट आहे. जागेच्या बाबतीत मालक नाही म्हणू शकतो, फक्त बोलणी करून, लेखी आणि कारण देऊन. मला यातलं सगळ्यात आवडतं कलम म्हणजे त्याने मुदतीत उत्तरच दिलं नाही, तर अर्ज मान्य झाला असं धरतात. आपल्याकडे एचआरला पाठवलेल्या मेलांचं काय होतं ते आठवून मला या कलमाचं फार कौतुक वाटतं.

आपल्याकडे 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा 26 आठवड्यांची झाली ते सगळ्यांना माहीत आहे. रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालक आणि कर्मचारी दोघांच्या संमतीने घरून काम करता येईल, हे कलमही त्याच दुरुस्तीतलं. पण संमती म्हणजे शेवटी साहेबाची मर्जी.

तरी इथलं जे खरंच बरं आहे, त्याचा घराशी फारसा संबंध नाही. तास कागदावर असतात, ते बरं आहे. माझा करार आठवड्याला 36 तासांचा. शेजारच्या टेबलावरचा डच गृहस्थ 32 तास करतो आणि बुधवारी मुलांना सांभाळतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही आणि बढतीही अडलेली नाही. पाळणाघर संध्याकाळी साडेसहाला बंद होतं आणि उशीर केला तर तिथली बाई तोंडावर ऐकवते, त्यामुळे साडेपाचनंतर मीटिंग लावायची कुणाची हिंमत होत नाही. माणूस घरी आहे की ऑफिसात याने मग फार फरक पडत नाही. टीम्सवरचा ‘ऑनलाइन आहे’ सांगणारा हिरवा ठिपका जिवंत ठेवायला माउस हलवत बसावं लागत नाही. हिशेबाला मात्र हे लोक पक्के. घरून काम केलेल्या दिवसाचा करमुक्त भत्ता 2024 मध्ये 2.35 युरो होता, 2025 मध्ये 2.40. चहा-कॉफी, वीज, हीटिंग आणि चक्क टॉयलेट पेपर धरून मुळात तो काढलेला आहे.

याउलट आपल्याकडे चर्चा कशाची? 2023 च्या ऑक्टोबरमध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं म्हणाले. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचं 90 तासांचं बोलणं बाहेर आलं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार असं विचारणारं. बायकोलाही नोकरी असू शकते, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. 90 तासांची अपेक्षा असेल तर ते घरून करा की हिंजवडीतून, तपशिलाचाच प्रश्न आहे.

इथल्या आरामाची एक बाजू मात्र फोनवर आम्ही कुणी सांगत नाही. आमच्या टीमचे टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारे, पुण्यात आहेत. हिवाळ्यात इथे दुपारचे चार वाजतात तेव्हा तिथे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. दिवसभराचं काम सोपवायची मीटिंग नेमकी चारला, कारण त्यानंतर आम्हाला आवरायचं असतं. म्हणजे साडेपाचला आम्ही लॅपटॉप मिटतो, तो पुण्यातल्या कुणाच्या तरी जेवणाच्या वेळेवर. आणि तो टेस्टर घरून काम करत असेल तर “तू घरीच आहेस ना” म्हणून ती वेळ आणखी सैल धरली जाते. डच सहकाऱ्यांना यात काही खटकत नाही. दुष्टपणा नाही, त्यांच्या कॅलेंडरात पुण्याची वेळ दिसतच नाही.

इथे एकटीने घरून काम करायचं म्हणजे काय, तेही सांगते. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत, शेजारीण दिसली तर हात हलवते आणि दार लावते. डच माणसाला हे चालतं, कारण त्याची शाळेपासूनची मित्रमंडळी आणि क्लब त्याच्या गावातच असतात. आपल्यासाठी ऑफिस हीच इथली एकमेव ओळखीची जागा असते. भाषेचंही तेच. मीटिंगा इंग्रजीत होतात. डच कानावर पडतं ते बाराच्या सुमाराला, चीज लावलेला पाव खाताना, जेव्हा लोक हवा, सायकल आणि सासूबद्दल कुरकुरतात. करोनाच्या काळात इथे आलेली कितीतरी मराठी मंडळी अजून दुकानातल्या डचपुढे गेलेली नाहीत, आणि नागरिकत्वाच्या परीक्षेचा विषय निघाला की क्लास शोधायला लागतात. नव्याने येणाऱ्यांना मी सांगते, मंगळवारी-गुरुवारी ट्रेनला कितीही गर्दी असो, त्याच दिवशी ऑफिसला जा. शुक्रवारी जाऊन उपयोग नाही, तिथे फक्त दिवे असतात.

मोठा फायदा एकच, पण तो एवढा मोठा की मी बाकी सगळं सहन करते. वर्षातले काही आठवडे पुण्यातून काम करता येतं. कर आणि सामाजिक विम्याच्या भानगडीमुळे कंपनी मर्यादा घालते. पण उन्हाळ्यात तिथे साडेबाराला सुरू करून रात्री नऊला संपतं आणि सकाळ आईबरोबर जाते. अशाच एका मुक्कामात एक गोष्ट रोज दिसत होती. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला भावजय, दोघी हेडफोन लावून. बेल वाजली की आई तिला हाक मारायची. कुकरच्या शिट्ट्या तिने मोजायच्या, कुरिअर तिने घ्यायचं, मावशी आज येणार नाहीत हेही तिलाच कळवायचं. मी माहेरपणाला आलेली, माझं “ऑफिस चालू आहे”. तिचं मात्र घरीच असणं. एकदा आईला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, “अगं, तिला सवय आहे.” भावजय नंतर हळूच म्हणाली, “ताई, ऑफिसला गेले की निदान डबा तरी निवांत खाता येतो.” ट्रॅफिकला वैतागलेली ही बाई चार दिवस ऑफिसच्या विरोधात का बोलत नाही, ते मला तेव्हा समजलं.

सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक 2018 मध्ये मांडलं आणि 2025 च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. त्याबद्दल आदर आहे, भरवसा नाही. स्वातंत्र्यापासून खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, जेमतेम 14 विधेयकं कायदा झाली आहेत, शेवटचं 1970 मध्ये. दरम्यान 2025 च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांतला रोजचा कामाचा वेळ नऊवरून दहा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. वारा कोणत्या दिशेला आहे, ते दिसतंच आहे.

माझ्या हातात होती ती चारची मीटिंग. ती सकाळी साडेनऊला नेऊ या म्हटल्यावर टीममध्ये दोन आठवडे चर्चा झाली. हे लोक सगळ्यांना पटेपर्यंत काही ठरवत नाहीत. शेवटी ती हलली. मग पुण्याहून तक्रार आली की आता दुपारचं जेवण मोडतं. म्हणून दहाला ठेवली आहे. भावजयीचा क्लायंट अमेरिकेतला आहे. तिची मीटिंग अजून रात्री साडेनऊलाच असते.