भट्टी किती तापते, एवढंच पाहून चालत नाही

चाकू बनवणाऱ्यांमध्ये पातं कडक करायच्या विजेच्या भट्टीबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो : 'भट्टी घेताना कमाल तापमान बघा. 1300 अंशांची 1100 वालीपेक्षा केव्हाही सरस. मोठ्यात मोठी घ्या, टेम्परही तिच्यातच होतो.' (टेम्पर म्हणजे कडक केलेलं पातं पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणं.) नवशिके यावर विश्वास ठेवून साठवलेले पैसे घालवतात, म्हणून हे लिहितोय.

आधी कमाल तापमान. 1084 या पोलादाला कडक व्हायला साधारण 815 अंश सेल्सिअस लागतात, 52100 या पोलादाला 845 च्या आसपास, डी-2 पोलादाला 1010, एईबी-एल सारख्या स्टेनलेसला 1080 पर्यंत. 1150 अंशांच्या पुढे जायची वेळ येते ती हायस्पीड (ड्रिलसारख्या हत्यारांच्या) पोलादांना. ती वापरणार असाल तर जास्त तापणारी भट्टी जरूर घ्या. बाकीच्यांना तो आकडा कधी लागतच नाही.

खरी अडचण 815 म्हणजे 815 च आहेत का, ही. 1095 हे पोलाद तीसेक अंश जास्त तापलं तर पातं वरून तसंच दिसतं, पण आत कण जाड होतात आणि धारेचे टवके उडायला लागतात. के-टाइप थर्मोकपल (भट्टीतलं तापमान मोजणारा तारेचा मापक) नवा असतानाच पाऊण टक्का इकडेतिकडे दाखवू शकतो. 1080 वर हा फरक आठ अंशांचा. शिवाय वापराने तो आणखी सरकत जातो. आणि तो मोजतो ते स्वतःच्या टोकापाशी. पातं असतं दुसरीकडेच.

हे मी मिठाने ताडून पाहिलं. शुद्ध मीठ 801 अंशांना वितळतं. स्टेनलेसच्या दोन छोट्या झाकणाच्या वाट्यांत चिमूट चिमूट मीठ घालून एक मागे ठेवली, एक दाराजवळ. भट्टीचं तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर 815 दिसत होते. अर्ध्या तासाने बाहेर काढून निवल्यावर झाकणं उघडली. मागच्या वाटीत मीठ वितळून तळाशी सपाट थिजलं होतं, पुढच्या वाटीत दाणे तसेच सुटे. दाराजवळ 801 सुद्धा नव्हते! तेव्हापासून पातं दारापासून चांगलं चार बोटं आत राहील असंच ठेवतो. भट्टीची लांबीही तेवढी धरूनच घ्यावी. त्याहून मोठी खोली म्हणजे तापायला जास्त वेळ आणि दार उघडलं की जास्त घसरण.

कंट्रोलरवर मात्र पैसे खर्च करा. पीआयडी (वीज कमीजास्त करून तापमान ठरल्या अंशावर धरून ठेवणारा) हवा, ऑटोट्यून करता येणारा, म्हणजे आपल्या भट्टीला स्वतःच जुळवून घेणारा. तापमान चढताना कॉइल (भट्टी तापवणारी तार) भट्टीच्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त गरम असते आणि तिची थेट आच पातळ धारेला आणि टोकाला आधी लागते. म्हणून आधी भट्टी ठरल्या अंशावर अर्धा तास स्थिर होऊ द्यावी, मगच पातं आत घालावं.

'टेम्परही तिच्यातच' हे तर मला अजिबात पटत नाही. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून झटकन थंड केलेलं, पातं काचेसारखं ठिसूळ असतं. हाताला सोसवेल इतकं निवलं की लगेच टेम्परला जायला हवं. तेव्हा भट्टी असते आठशेच्या घरात आणि तिच्या विटा निवायला कित्येक तास लागतात. टेम्पर 200 अंशांच्या आसपास. वेगळा छोटा ओव्हन आणि त्यात तपासलेला थर्मामीटर, एवढ्याने काम होतं.

एक गोष्ट त्या सल्ल्यात नसतेच : दार उघडताच कॉइलचा वीजपुरवठा तोडणारा स्विच. आपण लोखंडी चिमटा घेऊन उघड्या कॉइलींमध्ये हात घालत असतो. तो स्विच नसेल तर ती भट्टी घेऊ नका, मग ती 1300 ला जावो की 1400 ला.