सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणून लगेच गळा कापायला धावू नका

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, वर लाल दिवे नि सायरन, खाली कुणा मोठ्या डॉक्टरचं नाव, पण हॉस्पिटल नाही की गाव नाही. मजकूर थोडक्यात असा: छातीच्या सीटीत गळ्याला गाठ निघाली तर ती कॅन्सरची पहिली पायरी, तीन महिन्यांत सगळं थायरॉइड काढून टाका. सुईची तपासणी चुकूनही करू नका, सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. स्कॅनमध्ये गाठ चमकली तर शंभर टक्के कॅन्सर. कारण काय तर आयोडीनवालं मीठ आणि कोरोनाची लस. आणि ऑपरेशन नको असेल तर एकवीस दिवस उपाशीपोटी धन्याचं पाणी, गाठ विरघळते.

म्हणजे एकाच मेसेजात गाठ इतकी भयानक की तीन महिन्यांत गळा कापायचा, आणि इतकी गरीब की धन्याच्या पाण्याने विरघळणार. लिहिणाऱ्याने पाठवण्याआधी एकदा वाचून तरी बघायचं.

एरवी मी सोडून दिलं असतं, रोज असलं काहीतरी येतंच. पण आचऱ्याच्या आत्येचा खोकला जाईना म्हणून कुडाळला छातीचा सीटी काढला होता, फुफ्फुसं स्वच्छ निघाली, फक्त रिपोर्टात तळाला एक ओळ, थायरॉइडच्या उजव्या लोबमध्ये (भागात) ९ मिमीचा नोड्यूल, म्हणजे गाठ. त्यावर ठाण्याच्या आमच्या चाकरमान्याने हा मेसेज टाकला, वर 'आत्ये, इकडे या, ऑपरेशन उरकून टाकू'. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन, "काय ता खरा सांग रे माका, गळो कापूचो लागतलो काय?"

माझं कणकवलीत मेडिकल आहे, मी डॉक्टर नाही, पण असले रिपोर्ट हातात धरून काउंटरवर उभी राहणारी माणसं रोज बघतो, म्हणून हे लिहितोय.

तर पहिला मुद्दा, पहिली पायरी वगैरे. थायरॉइड असतं मानेच्या तळाशी, त्यामुळे छातीचा सीटी वरून सुरू होताना त्याचा थोडा भाग फोटोत येतोच. नारळ काढायला माडावर चढलेल्याला शेजाऱ्याचं परडं दिसतं, तसं हे, तो काही ते बघायला चढलेला नसतो. धडधाकट मोठ्या माणसांच्या मानेची सोनोग्राफी केली तर निम्म्यांच्या आसपास लोकांत काही ना काही गाठ सापडते. पुढच्या तपासणीपर्यंत पोचलेल्या गाठींतही कॅन्सर निघतो तो शंभरात साधारण सात ते पंधरा. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१५ साली याच प्रकाराबद्दल, म्हणजे दुसऱ्याच कारणाने काढलेल्या स्कॅनमध्ये सापडलेल्या गाठींबद्दल, नियम लिहून ठेवलेत: वय ३५ च्या आत असेल तर १ सेंटीमीटर, ३५ किंवा पुढे असेल तर दीड सेंटीमीटर, तेवढी किंवा त्याहून मोठी गाठ असेल तर सोनोग्राफी करा, त्याखाली असेल आणि आजूबाजूच्या लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) वगैरे संशयास्पद नसतील तर पुढे काही करायची गरज नाही. सोनोग्राफी करा म्हटलंय हो, ऑपरेशन नाही. आत्येचं वय ६२, गाठ ९ मिमी.

आता तो 'सगळं थायरॉइड काढून टाका'वाला मुद्दा, ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं. हा प्रयोग एका आख्ख्या देशाने करून बघितलाय. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी योजना सुरू झाली. थायरॉइड त्या योजनेत नव्हतंच, पण दवाखान्यांनी थोडे जादा पैसे घेऊन मानेची सोनोग्राफी जोडून द्यायला सुरुवात केली, लोकांनीही करून घेतली. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरची निदानं १९९३ च्या पंधरापट झाली, एका वर्षात चाळीस हजारांच्या वर. इतके कॅन्सर वेळेत पकडले तर मरणारे कमी व्हायला हवेत ना? मृत्यूचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. म्हणजे जे शोधून शोधून काढलं त्यातलं बहुतेक कुणाला कधी मारणारच नव्हतं. पण निदान झालं की जवळजवळ प्रत्येकाने उपचार घेतले, दोन तृतीयांश लोकांचं अख्खं थायरॉइड काढलं गेलं. त्या ऑपरेशनांचा हिशोब बघा: ११ टक्के लोकांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी (थायरॉइडला चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या) निकामी, म्हणजे कॅल्शियम उतरणार, बोटांना मुंग्या, पेटके, आणि गोळ्या मागे लागणार. २ टक्के लोकांच्या स्वरयंत्राची नस गेली, आवाज बसला. हे २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं, त्याच वर्षी तिथल्याच डॉक्टरांच्या एका गटाने जाहीर ओरड केली आणि वर्षभरात ऑपरेशनं ३५ टक्क्यांनी खाली आली.

आणि थायरॉइड काढल्यावर जन्मभर थायरॉइड हार्मोनची थायरोनॉर्म किंवा तसलीच दुसरी गोळी, रोज पहाटे उपाशीपोटी, त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. आमच्या आत्येला उजाडायच्या आत चहा लागतो, तिला हे सांगितल्यावर फोनवर पहिल्यांदा शांतता पसरली. 'उरकून टाकू' म्हणणाऱ्या ठाणेकराला ती गोळी घ्यायची नाहीये.

अजून एक. जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून, सुईने कॅन्सर सिद्ध झालेल्या १ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीसुद्धा लगेच न कापता नुसत्या नजरेखाली ठेवल्या. दहा वर्षांत वाढल्या त्या आठ टक्क्यांच्या आसपास. सिद्ध झालेल्या कॅन्सरची ही गोष्ट, आणि आपण सीटीतल्या एका ओळीवर गाडी बुक करतोय.

सुईने पसरतो, हे एक भूत काही केल्या उतरत नाही. ती सुई रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक असते. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं जगात आहेत, नाही असं नाही, पण इतकी तुरळक की त्यासाठी तपासणी टाळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. सुई नको म्हटलं तर गाठ कसली आहे ते कळायला उरतं काय? ऑपरेशनच. आणि लहान गाठीला मुळात सुईच लावत नाहीत, सोनोग्राफीत दिसायला वाईट असली तरी साधारण १ सेंटीमीटरच्या पुढेच विचार होतो.

चमकण्याच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून काढतात त्या स्कॅनमध्ये, थायरॉइडमध्ये एकाच जागी गाठ चमकली तर साधारण तिघांत एकाला कॅन्सर निघतो, ती सोडायची नाही, सोनोग्राफी आणि बहुतेक वेळा सुई लागतेच. पण ते पेट. छातीच्या साध्या सीटीत आयोडीन साठवल्यामुळे निरोगी थायरॉइडच पांढरं चमकतं, गाठ बहुतेकदा काळपट दिसते. लिहिणाऱ्याने कुठूनतरी दोन्ही वाचून एकत्र कालवलंय.

मीठ. मेसेज वाचून आत्येने डब्यातलं आयोडीनचं मीठ माडाच्या आळ्यात ओतलं (माडाचं भलं झालं) आणि बाजारातून खडे मीठ आणलं. आपल्याकडे एक समज आहे की समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच. मिठागरातल्या मिठात ते नगण्य असतं, म्हणून तर वरून घालावं लागतं. आयोडीन कमी पडलं की थायरॉइड सुजतं आणि त्यात गाठी धरतात, म्हणजे मेसेजने सांगितलं त्याच्या बरोबर उलट. अति आयोडीनने थायरॉइडचं काम बिघडू शकतं हे खरं, पण ते रोजच्या आमटीतल्या मिठाने होत नाही.

लस: लसीनंतर थायरॉइडला तात्पुरती सूज आल्याच्या काही केसेस नोंदल्या गेल्यात. गाठींचे वर सांगितलेले नियम २०१५ चे, लस आपल्याकडे आली २०२१ ला. पुढे बोलायची गरज नाही.

राहिलं धन्याचं पाणी. प्या, वाईट नाही. पण इटलीत ९९२ लोकांच्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठी पाच वर्षं बघितल्या, तो अभ्यास २०१५ साली जामा या जर्नलमध्ये आला. १८.५ टक्के लोकांच्या गाठी आपोआप लहान झाल्या, काही न करता. १५.४ टक्क्यांच्या वाढल्या. कॅन्सर निघाला ०.३ टक्के गाठींत. म्हणजे शंभर जणांना धन्याचं पाणी पाजलं तर अठरा-एकोणीस जण शपथेवर सांगणार की गाठ उतरली, आणि व्हिडिओ त्यांचेच निघणार.

घाई करायची कारणं वेगळी आहेत: आवाज बसून आठवडे झाले, गिळताना अडकतं, गाठ हाताला दगडासारखी लागते किंवा भराभर वाढतेय, लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालेला. असं असेल तर मिमी मोजत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. आत्येला यातलं काही नाही. टीएसएच (थायरॉइडचं काम बघायची रक्ततपासणी) केली, नॉर्मल आली. मनाच्या समाधानासाठी एक सोनोग्राफी कर म्हटलं, त्यात ना रेडिएशन ना सुई, तर म्हणाली गणपती झाल्यावर बघू. मीही हो म्हटलं, ९ मिमीला तेवढी घाई नाही.