पूरग्रस्तांचा घास नाटकवाल्यांनी खाल्ला म्हणे

आठवडाभर आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: हवामान बदलावर दोन देशांच्या कलाकारांनी मिळून काही करावं म्हणून परदेशी संस्था पैसे देतात. हा पूरग्रस्तांच्या तोंडचा घास. विमानं उडवून धूर करायचा आणि वर चित्रं काढायची. नाटकानं पाऊस थांबतो होय? आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या दोन शिक्षकांनीही तो पुढं ढकलला, म्हणून लिहायला बसलो.

तोंडच्या घासाचं पहिल्यांदा. पुरानंतरची सरकारी मदत प्रामुख्यानं राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. कर्नाटकासाठी त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात घर पडलं आणि भरपाई अडली, तर भांडण पंचनाम्याशी आहे. ब्रिटिश कौन्सिलनं २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या निमित्तानं अशा जोडकामांना पैसे दिले. ते दिले नसते तर गोकाकच्या पूरग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले असते, असं समजणं भाबडेपणा आहे.

आणि परदेशी पैसा इथं कुणाच्याही हातात पडत नाही. परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात उतरते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला अनुदान म्हणून देताही येत नाही. म्हणजे मुंबईच्या मोठ्या संस्थेला मिळालेल्यातून आमच्यासारख्या वडगावच्या नाट्यमंडळाला वाटा मिळायची वाटही बंद.

विमानाचा मुद्दा मात्र खरा आहे, उगाच का नाकारा. पॅरिसमध्ये २०१५ साली ओलाफुर एलियासन या कलाकारानं ग्रीनलंडच्या बर्फाचे १२ ठोकळे चौकात वितळत ठेवले. त्याचा कार्बनचा हिशेब झाला आणि जाहीरही झाला: सुमारे ३० टन. असा हिशेब मागा, जरूर मागा. आमच्याकडच्या लग्नाच्या वरातींचाही मागू कधीतरी.

राहिला पाऊस. नाटकानं तो थांबतो असं म्हटलंय कुणी? गेल्या वर्षी मी चिकोडी तालुक्यातल्या यडूरला गेलो होतो. कृष्णाकाठच्या एका घराच्या सोप्यात २०१९ च्या पाण्याची रेघ आहे, माझ्या छातीच्या वर. दिवाळीला भिंत रंगवताना आजींनी तेवढी बोटभर पट्टी कोरी सोडलेली, वर खडूनं कन्नडमध्ये तारीख. ‘आणि २००५ ची रेघ?’ म्हटलं. ‘ती रंगात गेली की,’ म्हणाल्या. बघा, चौदा वर्षांत एक रेघ पुसली गेली आणि तिच्या खालच्या उंचीवर लोकांनी कपाटं ठेवली. धरणाचा विसर्ग मोजायला इंजिनिअर आहेत. ही रेघ पुसू न देणं त्यांच्या कामात बसत नाही. ते भारुडात बसतं, चौंडक्यावरच्या गाण्यात बसतं, भिंतीवरच्या चित्रात बसतं. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात आमच्या शिवारातलं भात बुडवतो, हे शेतकऱ्याला पाठ आहे. नाल्याकाठी प्लॉट घेणाऱ्याला कोण सांगणार?

कोयनेचं पाणी सांगलीवरून चिकोडी तालुक्यात येतं तेव्हा मराठी-कन्नड बघत नाही. त्यावर काम करणाऱ्याला मात्र दोन्ही भाषा लागतात. मेसेजवाल्यांनी खरं तर इथं बोट ठेवायला हवं होतं, पैसा आला की तो कुणाच्या वाट्याला जातो यावर. आमचं मंडळ अशा एका अर्जात स्थानिक भागीदार होतं. खर्चाच्या तक्त्यात पाहुण्या कलाकाराचं मानधन दिवसावर, आमच्या बारा जणांचं मिळून एकच ठोक आकडा. आणि ‘भाषांतर’ या रकान्यात शून्य. आम्ही तिथं मराठी-कन्नड दुभाष्याचे पैसे लिहून तक्ता परत पाठवला. उत्तर आलं, इंग्रजीत काम भागेल ना?

यडूरच्या आजींचं भागेल का, असं विचारणारा मेल काल टाकलाय.